पाचवं तास

मी सोळा वर्षं कृषी सहायक आहे, त्यातली सहा अनसिंगच्या बाजूला. दरवर्षी एक फॉर्म येतो. त्यात प्रश्न असतो की शेतकऱ्यानं सुधारित तंत्र का स्वीकारलं. खाली चौकोन असतात: प्रशिक्षण मिळालं, अनुदान मिळालं, शेजाऱ्याचं पाहिलं, उत्पन्न वाढलं. शेवटचा चौकोन 'इतर'. मी बहुतेक वेळा पहिल्या चौकोनात खूण करतो, कारण प्रशिक्षण मीच दिलेलं असतं आणि आपलीच पाठ आपण थोपटण्यात कुणाचं काही जात नाही. 'इतर' मी आजवर एकदाच भरलं. ते रंगूबाईंच्या घरी.

रंगूबाईंचं वय साठीच्या पुढं. अंगानं काटक, आवाज असा की धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर नाल्यापलीकडचा माणूस वळून पाहतो. घरची पाच एकर. तीन एकर उंचावर, हलकी. दोन एकर खाली लवणात, काळीभोर. सातबारा बबनरावांच्या नावावर आहे. बबनराव शांत माणूस. पेरणी ते करतात असं गाव म्हणतं. काय पेरायचं, कुठं आणि कधी, हे रंगूबाई ठरवतात, आणि हेसुद्धा गाव म्हणतं.

या भागात पिकाच्या ओळीला तास म्हणतात. रंगूबाईंच्या वावरात प्रत्येक तास कुणाच्या तरी नावाचं असतं. सोयाबीनची घराची. तुरीचं एक तास वर्षाच्या डाळीचं. मुगाचं तास लेकीचं: रूपाली धनजला दिली आहे, तिला दरवर्षी पोळ्याच्या सुमारास मुगाचं गाठोडं जातं. चवळीचं तास निंदायला येणाऱ्या बायांचं, त्यांनी शेंगा तोडून ओटीत भरायच्या, कुणी विचारायचं नाही. धुऱ्यालगतचं अंबाडीचं तास गोजराबाईचं, कारण तिला वावर नाही आणि भाजी तर लागतेच. जमीन उघडी राहिलेली रंगूबाईंना खपत नाही. पेरणीनंतर आठव्या दिवशी ओटीत बी बांधून त्या वावरभर फिरतात आणि जिथं उगवलं नाही तिथं विळ्याच्या टोकानं एकेक दाणा टोबतात. याला खाडे भरणं म्हणतात. ते बायांचं काम. बबनराव चेष्टेनं म्हणायचे, "हिचं चाललं तं पांदीच्या रस्त्यातबी खाडे भरल." पांदण म्हणजे बैलगाडीचा रस्ता. त्यांची चेष्टा तितकी खोटी नव्हती.

लवणातलं वावर दर दोन-तीन वर्षांनी चिबडायचं. झड लागली, म्हणजे चार-चार दिवस बारीक पाऊस थांबलाच नाही, की खाली पाणी साचायचं, सोयाबीन पिवळं पडायचं आणि मुळं कुजायची. मी तीन वर्षं सांगत होतो की तिथं रुंद वरंब्यावर पेरा. ट्रॅक्टरच्या मागं एक यंत्र लागतं. ते मातीची पसरट गादी करतं, गादीवर चार तासं पेरतं आणि दोन गाद्यांच्या मध्ये एक सरी मोकळी सोडतं. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. मंदिरासमोर सभा घेतली, फोटो दाखवले. बबनराव तिन्ही वर्षं पहिल्या ओळीत बसले, तिन्ही वर्षं मान हलवली आणि घरी जाऊन तिन्ही वर्षं जुनंच केलं.

बदल झाला तो सुनेमुळं. वैजयंती, त्यांच्या राजूची बायको, माहेर किन्हीराजाचं. राजू रोज वाशीमला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जातो, त्यामुळं वावर सासू-सुनेचंच. वैजयंती बोलते कमी. पण एकदा मनात घेतलं की सोडत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी मोबाइलवर त्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला, तो तिनं दोनदा पाहिला. मग घरी गेली आणि सासूला म्हणाली, "लवणातलं वावर यंदा मले द्या."

रंगूबाईंनी दिलं, पण फुकट दिलं नाही. "घे. यंदा तुह्या मनानं. पण कमी झालं तं मंग पेरणीच्या गोष्टीत पुन्हा तोंड घालाचं नाही."

वैजयंती म्हणाली, "बरं."

हे मला तिनंच नंतर सांगितलं. सांगताना तिच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते मला कळलं. पंचविशीतली बाई; पुढची तीस वर्षं त्याच वावरात जायची. त्यात आपल्याला काही म्हणायचा हक्क राहील की नाही, हे त्या दोन एकरांवर ठरणार होतं.

तरी एक सांगायला हवं. यंत्र आलं ते केवळ माझ्या व्हिडिओनं आणि तिच्या हट्टानं आलं असं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जमिनीत ओल बरोबर झाली आणि नेहमीचा ट्रॅक्टरवाला दुसऱ्यांच्या वावरात अडकला. मोकळा होता तो तांड्यावरचा देवानंद, आणि त्याच्याकडं नवं यंत्र होतं. बबनराव म्हणाले, "वल निघून जाईल. जो आला तो आपला." दुपारी दोनपर्यंत पेरणी उरकली. एवढ्या मोठ्या तंत्रज्ञानाचा प्रवेश आमच्या गावात असा झाला.

पेरणीच्या दुसऱ्या दिवशी वैजयंतीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती किन्हीराजाला गेली आणि पंधरा दिवस राहिली.

आठव्या दिवशी रंगूबाई नेमानं लवणात गेल्या. उगवण चांगली होती. पण चार तासं उगवलेली, पाचवं रिकामं. पुन्हा चार उगवलेली, पाचवं रिकामं. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच. त्यांनी बसून विचार केला. पेरणी यंत्राला नळकांडी असतात, त्यातून बी पडतं. एखादं नळकांडं मातीनं तुंबलं की प्रत्येक फेरीला तेच तास रिकामं जातं. असं पूर्वी दोनदा झालेलं त्यांनी पाहिलं होतं. शिवाय घरी अर्धा कट्टा बियाणं उरलं होतं. दर वर्षी पुरत नाही, यंदा उरलं, म्हणजे ते पडलंच नाही. शिवाय रिकामं तास चाकाखाली दबल्यासारखं खोलगट होतं. हिशोब अगदी बरोबर जुळत होता. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

रंगूबाईंनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. सुनेचा पहिल्याच वर्षाचा डाव, आणि देवानंदच्या यंत्रानं तिला असं तोंडघशी पाडलं. गावात बोभाटा झाला तर पोरीचं नाक कापलं जाईल. त्यांनी ओटीत बी बांधलं आणि एकट्याच कामाला लागल्या. खुरप्यानं दोन्ही बाजूंची माती ओढून ती सरी सपाट केली आणि वितीवितीवर दाणे टोबले. चार दिवस. कंबर धरली तरी थांबल्या नाहीत. वावराच्या मध्यावर एक बाभूळ आहे, तिथपर्यंत आल्या आणि बियाणं सरलं.

वैजयंती परत आली ती सरळ वावरात गेली. मला फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"साहेब, आत्याबाईनं सऱ्या भरल्या."

"भरल्या म्हणजे?"

"सपाट केल्या अन् सोयाबीन टोबलं. बाभळीवरी. कोंब वर आले."

मी गाडी काढली. रंगूबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी त्यांना समोर बसून समजावलं: ते तास चुकलेलं नव्हतं, ते मुद्दाम मोकळं सोडलेलं होतं, पाणी जाण्यासाठी. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मुद्दाम?"

"हो काकू. सभेत सांगितलं होतं."

"सभेत कोणाले सांगतलं?"

"बबनरावांना. सगळ्यांनाच."

"त्यायनं कधी खाडे भरले काय? खाडे म्या भरते. गावातल्या बायाच भरतात. मंग आमाले काहून नाही सांगतलं?"

बबनराव जवळच होते. ते अंगणातल्या कोंबड्यांकडं बघू लागले. तीन सभा, चौदा फोटो, एक व्हिडिओ; यंत्र कसं चालतं, किती इंचांची सरी, सगळं मी सांगितलं होतं. पण रिकामी जागा दिसली की ती भरायची ही ज्या हातांची सवय, त्या हातांना 'ही भरू नका' एवढं एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं. वैजयंतीनंही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, एवढं तर दिसतंच. मला त्या दिवशी शरम वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

वैजयंती दाराशी उभी होती. मी म्हणालो, अजून कोंब लहान आहेत, उपटून सऱ्या मोकळ्या करता येतील.

"उगवलेलं उपटाचं?" रंगूबाई म्हणाल्या. "या हातानं निंदणाशिवाय आजवर काई उपटलं नाही साहेब. अन् रिकामं तास ठेवाचं तं कोणाच्या नावाचं ठेवाचं? मुंगाचं लेकीचं, चवळीचं बायायचं. हे कोणाचं?"

मग रंगूबाईंनीच निकाल लावला. "राहू द्या जसं हाय तसं. बाभळीच्या इकडलं माहं, तिकडलं तुहं. पावू कोणाचं पिकते ते." आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

वैजयंतीला यात राग येण्यासारखं बरंच होतं. तिला वावर मिळालं होतं दोन एकर, आता राहिलं एक. पण ती पुन्हा "बरं" म्हणाली.

जुलै बरा गेला. खरं सांगायचं तर बाभळीच्या अलीकडचा भाग जास्त छान दिसत होता, दाट, हिरवागार, कुठं माती दिसायची नाही. पलीकडं दर चार तासांनी उघडी पट्टी. पांदीनं जाणारे लोक थांबायचे, अलीकडच्या भागाला मान द्यायचे. गोजराबाई वैजयंतीला म्हणाली, "सासूचं पीक पाह्य अन् तुहं पाह्य." रंगूबाईंची चाल ऐटीत होती असं बबनरावांचं म्हणणं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली. सोयाबीन फुलावर होतं. पहिले तीन दिवस कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पाचव्या दिवशी लवणाकडचा नाला भरून वाहू लागला. रंगूबाई रोज पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. सातव्या दिवशी सकाळी बबनरावांचा मला फोन आला. हा माणूस मला स्वतःहून कधी फोन करत नाही.

"साहेब, तुमी या बरं. रंगू वावरात हाय. उभं पीक उपटून राह्यली."

गाडी पांदीच्या तोंडाशीच रुतली. ती तिथंच सोडून मी चिखलातून चालत गेलो. लवणाच्या काठावर उभं राहिल्यावर वेगळं सांगायची गरज नव्हती. बाभळीच्या पलीकडं सऱ्यांमधून पाणी चालू होतं, गढूळ, बारीक, पण चालू. ते उताराच्या बाजूनं नाल्यात पडत होतं. झाडं भिजलेली, पण हिरवी. अलीकडं पाणी नुसतं उभं होतं. बुंध्यावर चार बोटं. पानं पिवळी पडू लागली होती, खालून वर.

आणि त्या पाण्यात रंगूबाई वाकून उभ्या होत्या. त्यांनी स्वतः टोबलेल्या तासातली झाडं त्या एकेक करून उपटत होत्या. गुडघ्याच्या वर आलेली, फुलं लागलेली झाडं. उपटलेली झाडं फेकत नव्हत्या; मुळं धुऊन, जुडी करून धुऱ्यावर ठेवत होत्या. दोन तासं उपटून झाली होती. त्यांच्या मागं वैजयंती फावडं घेऊन मोकळी झालेली सरी उकरत होती. ती कधी आली ते माहीत नाही. बोलावलं होतं असं कुणी म्हणालं नाही.

मी चप्पल काढून आत उतरलो. रंगूबाईंनी मान वर केली. तोंड पावसानं ओलं होतं, त्यामुळं रडत होत्या की नाही ते मला सांगता येणार नाही. आवाज मात्र रोजचा नव्हता.

"एका तासापायी चार तासं मरून राह्यले साहेब. म्या तीन दिवस पायलं. म्हटलं निघन पाणी. नाही निघत. त्याले जागाच नाही ठेवली म्या."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. तेवढ्यात वैजयंतीनं पहिल्या सरीचं तोंड नाल्याकडं फोडलं. पाणी आधी थोडं थरथरलं, मग वळलं आणि चालू लागलं. आम्ही तिघंही बघत राहिलो. बुंध्याशी चार बोटं असलेलं पाणी दोन बोटांवर आलं, मग चिखल दिसायला लागला.

रंगूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजे हे पाण्याचं तास व्हय."

त्या पुन्हा वाकल्या आणि पुढचं झाड उपटलं. दुपारी बबनरावही विळा घेऊन आले. त्यांनी एकदाही चेष्टा केली नाही. दिवस मावळायच्या आत बाभळीपर्यंतच्या सगळ्या सऱ्या मोकळ्या झाल्या. उपटलेल्या जुड्या घरी नेल्या, त्या बैलानं दोन दिवस खाल्ल्या.

अलीकडचा भाग वाचला. पुरता नाही, पण वाचला. काढणीनंतर दोन्ही बाजूंच्या गंज्या शेजारी-शेजारी लावल्या होत्या. पलीकडची माझ्या छातीला लागत होती, अलीकडची कमरेला. रंगूबाईंनी दोन्हींकडं पाहिलं आणि वैजयंतीला म्हणाल्या, "झाकून ठेव. दव पडते." पैजेचा विषय त्यांनी काढला नाही, तिनंही काढला नाही.

दिवाळीनंतर मी फॉर्म घेऊन गेलो. तंत्र का स्वीकारलं? मी चौकोन वाचून दाखवले. प्रशिक्षण? "तुमी मले काई शिकवलं नाही," रंगूबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. अनुदान? नाही. शेजाऱ्याचं पाहिलं? "शेजारी माह्याच वावरात होता," असं म्हणून त्यांनी सुनेकडं हनुवटी उडवली. उत्पन्न वाढलं? "अर्धं वाढलं, अर्धं म्या कमी केलं."

"मग काय लिहू काकू?"

"लिहा, आपल्या हातानं उपटावं लागलं म्हणून."

मी 'इतर'मध्ये तसंच लिहिलं. वरच्या कार्यालयातून फोन आला की हे कोणत्या गटात मोजायचं. मी म्हणालो, तुम्हाला वाटेल त्यात मोजा. बहुधा प्रशिक्षणातच गेलं असणार.

पुढच्या वर्षी मी सभा मंदिरासमोर घेतली नाही. निंदायला जाणाऱ्या बाया सकाळी हापशीवर जमतात, तिथं घेतली, उभ्याउभ्या, दहा मिनिटं. एकच गोष्ट सांगितली. रंगूबाई माझ्या बाजूला उभ्या होत्या आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "ते पाचवं तास रिकामं दिसन. जीव तळमळन. हात लावू नका." त्या पावसाळ्यात देवानंदचं यंत्र गावातल्या अकरा वावरांत फिरलं. त्यातल्या किती जणांनी माझं ऐकलं आणि किती जणांनी रंगूबाईंचं, हे फॉर्म सांगणार नाही.

त्यांच्या वावरात या वेळी पाचही एकर तशीच पेरली. आठव्या दिवशी मी उगवण बघायला गेलो. रंगूबाई ओटीत बी बांधून फिरत होत्या. सवय मोडली नव्हती. वरंब्यावर कुठं खाडा दिसला की टोबायच्या. लवणात आल्या तेव्हा एका सरीपाशी थांबल्या. ती तिथं जरा रुंद झाली होती, यंत्र वळलं असेल. हातभर मोकळी काळी माती, ओली, भुसभुशीत. त्या बराच वेळ तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मूठ ओटीत गेली आणि तिथंच राहिली.

पलीकडच्या वरंब्यावर वैजयंती होती. या घरात पेरणीचा प्रश्न रंगूबाईंनी कधी कुणाला विचारल्याचं बबनरावांनाही आठवत नाही, आणि त्यांच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली.

"वैजू," त्यांनी हाक मारली. नाल्यापलीकडं जाणारा तो आवाज नव्हता. "इथं दोन दाणे टाकू काय?"

वैजयंतीनं येऊन सरी पाहिली, उतार पाहिला.

"नको आत्याबाई. ते पाण्याचं हाय."

रंगूबाईंनी मूठ ओटीतच सोडली, ओटीची गाठ घट्ट केली आणि सरी ओलांडून पुढच्या वरंब्यावर गेल्या.